कोंडलेल्या पोरांची गोष्ट पुरी सांगा

"जास्त दंगा केलास तर गुहेत कोंडतील बघ!" उटनूरजवळच्या आमच्या शाळेत नातवाला सोडायला येणारी एक आजी त्याला रोज ही तंबी देते. नातू पहिलीत आहे. घरी मराठी बोलतो, मित्रांशी गोंडी आणि वर्गात तेलुगू. तंबी त्याला बरोबर कळते. माझी तक्रार एवढीच, की आजी गोष्ट अर्ध्यावर सोडते.

गोष्ट गोंडांच्या देवांची. काली कंकालीची मुलं शंभू-गौरीच्या आश्रयाला होती. खादाड आणि दंगेखोर. गौरीला त्यांनी जीव नकोसा केला, तेव्हा शंभूनं चिडून त्यांना गुहेत लोटलं आणि तोंडाला भलीमोठी शिळा लावली. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात कचारगड आहे, तीच ही गुहा असं मानतात. माघ पौर्णिमेला तिथे जत्रा भरते. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, पण घाबरवणारी माणसं शिळेपाशीच थांबतात. पोरं गप्प बसली की त्यांचं काम झालं.

पुढचं ऐका. जंगूबाई देवीला मुलांची दया येते, गोंडांचा धर्मगुरू पहांदी कुपार लिंगो सुटकेची वाट शोधतो, आणि हिरासुका पाटालीर नावाचा वादक शिळेबाहेर उभा राहून किंगरी हे तंतुवाद्य वाजवतो. सूर आत पोचतात, उपाशी पोरांच्या अंगात बळ येतं, सगळी मिळून आतून रेटतात. शिळा सुटते आणि तिच्याखाली हिरासुकाच चिरडून मरतो. कोंडणाऱ्याच्या रागाची किंमत सोडवायला आलेल्यानं मोजली. म्हणून ही ताकीद मला पोरांपेक्षा मोठ्यांना दिलेली वाटते.

ही गोष्ट जपणारे आमचे आदिलाबादचे परधान म्हणजे गोंडांचे कथेकरी. घरात मराठी बोलतात, पण किकरी, म्हणजे ती किंगरीच, वाजवत देवांची कथा लावतात ती गोंडीत. हायमेनडॉर्फ या अभ्यासकानं १९४० च्या दशकात इथे राहून या कथा टिपल्या. त्याचं पुस्तक १९४८ मध्ये निघालं. पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आजच्या महाराष्ट्रात गेले, आपण आजच्या तेलंगणात राहिलो. सरकारी कागदावर भाषा वाटल्या गेल्या, परधानाच्या ओसरीवर त्या आजही एकत्र नांदतात. मराठी घरातल्या माणसानं गोंडी देवांची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपावी, याचा मला मोठा अभिमान वाटतो.

शाळेत मात्र गोंडी बोलणारी पोरं पुन्हा कोंडली जातात. मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे गोंडी बोललं की पोराला दाराशी उभं करत. ते पोर मग तेलुगूतही बोलेनासं होई. मी याला शिस्त म्हणणार नाही.

लहान मुलांना मरणाची गोष्ट कशाला, असं काही पालक विचारतात. मी पहिलीला ती शेवटपर्यंत सांगितली. शिळा ढकलायची वेळ आली तशी मागच्या रांगेतली तीन पोरं उठली आणि बाक रेटू लागली, दात-ओठ खाऊन, पाय फरशीवर घसरत असताना. मग आजीचा तोच नातू गोंडीत म्हणाला, "त्याला आधीच बाजूला हो म्हणून कुणी सांगितलं नाही का?" वर्षभरात वर्गात त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला प्रश्न. हिरासुकाचं मरण वगळलं असतं, तर तो प्रश्न आलाच नसता.

पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळाचे परधान तिथे किकरीवर कथा लावतात. इंद्रवेल्ली, उटनूर, नारनूर भागातल्या मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे: त्यांच्यातल्या एकाला आपल्या शाळेत बोलवा. चटईवर मानानं बसवा, रीतसर मानधन द्या आणि कथा गोंडीतच होऊ द्या. मराठी-तेलुगूत समजावून द्यायला वर्गातलीच पोरं पुढे येतील.