जमीन पाहून पायताण

"आम्ही वावरात अनवाणीच वाढलो, काय झालं आमच्या पायाला?" पांढुर्णा-सौंसर भागात मुलांच्या चपलेचा विषय काढला की आजोबांकडून हे उत्तर हमखास येतं. ते हसण्यावारी नेऊ नये, कारण त्याला पुरावा आहे. १९९२ साली राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी भारतातल्या ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांचे पाय तपासले. बूट-चपला घालणाऱ्यांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, न घालणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटांनी कमानीचं सर्वाधिक नुकसान केलं होतं. म्हणजे अनवाणी चालण्याने तळवा घडतो, हे आजोबांचं म्हणणं खरं.

पण ते खरं आहे कमानीपुरतं. संत्र्याच्या बागेतल्या ओल्या मातीत, जिथे माणसं उघड्यावर शौचाला बसतात तिथे, अंकुशकृमीच्या अळ्या असतात. त्यांना पोटात जायला तोंड लागत नाही. उघड्या पायाची कातडी भेदून त्या शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. पोरगी फिकी पडते, वर्गात पेंगते, आणि आपण म्हणतो, अभ्यासात लक्ष नाही. जंतनाशक दिनाची गोळी जंत मारते. पुन्हा त्याच मातीत उघडा पाय पडला की ते पुन्हा शिरतात. बाभळीच्या काट्याची आणि धनुर्वाताची गोष्ट तर वेगळी सांगायलाच नको. घरात, अंगणात, सारवलेल्या ओसरीवर मुलाला खुशाल अनवाणी खेळू द्या. वावरात आणि गोठ्यात पायात काहीतरी हवंच.

दुसरी चूक नेमकी उलट्या टोकाची. तीन वर्षांच्या पोराचा तळवा सपाट दिसला की आईबाप धास्तावतात, नागपूर गाठतात, महागडे बूट घेऊन परततात. लहान मुलाच्या तळव्यात चरबीची गादी असते, म्हणून कमान दिसत नाही; ती पहिल्या दशकात हळूहळू उमटते. अमेरिकेत १९८९ साली वेंगर आणि सहकाऱ्यांनी लवचिक सपाट पायांच्या मुलांना तीन वर्षं खास बूट आणि बुटात घालायचे तळवे देऊन पाहिले. न दिलेल्या मुलांपेक्षा काहीही जास्त सुधारणा झाली नाही. मूल टाचा उचलून चवड्यांवर उभं राहिलं आणि कमान दिसली, तर पैसे वाचवा. कमान उमटत नसेल, पाय दुखत असेल, ताठ असेल किंवा एकच पाय वेगळा दिसत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. जन्मतः आत वळलेला पाय असेल तर एक दिवसही थांबू नका. पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर सुरू झालं तर तो बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ होतो, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात त्याचे उपचार मोफत आहेत.

आता शाळेच्या बुटांकडे या. जूनमध्ये 'दोन वर्षं चालतील' म्हणून दोन नंबर मोठे बूट घेतले जातात. बैलाला नाल मारताना ती खुराच्या मापाची आहे की नाही हे आपण वाकून पाहतो, आणि स्वतःच्या लेकराला खुळखुळणारे बूट घालून पाठवतो. पाय आत घसरतो, बोटं बूट धरून ठेवायला आकसतात, टाचेला फोड येतात. घट्ट बूट तितकाच वाईट. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुरे.

पुढच्या वेळी बूट घ्यायला जाताना पोराला सोबत न्या. संध्याकाळी न्या, कारण तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. उभं करून दोन्ही पायांचं माप घ्या, मोठ्या पायाच्या मापाचे बूट घ्या, आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा चाचपून पाहा.