आधी तण म्हणून मारायचं, मग डब्यात भरून विकायचं

यवतमाळ जिल्ह्यात ताण घालवणारी पावडर विकणं हा निलाजरेपणा आहे. याहून सौम्य शब्द माझ्याकडे नाही आणि तो शोधायची माझी इच्छाही नाही. राजूर, वणी, मारेगाव, झरी, पांढरकवडा या पट्ट्यात ताण कशाचा असतो हे विकणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि घेणाऱ्यालाही. थकलेलं पीककर्ज, सावकाराचा निरोप, बोंडअळीनं पोखरलेली पऱ्हाटी, ठेकेदाराकडची आज आहे उद्या नाही अशी मजुरी. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं, तिथल्या दुकानात अश्वगंधाचा डबा मांडून त्यावर ‘नैसर्गिकरीत्या तणावमुक्त व्हा’ असं लिहायला हात धजावतो तरी कसा?

पाला खरा आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मला उद्या वनस्पतींची वैरीण ठरवतील. मृगाचा पाऊस पडला की आमच्या शिवारात तरोटा वर येतो. दोन-चार पानांवर असतानाच तो खुडायचा. जून झाला की कडू होतो आणि जनावरंही त्याला तोंड लावत नाहीत. त्याच्या मागोमाग कुंजर, काटेमाठ, केना. उन्हाळ्यात चिवळ, बारीक पानांची, भुईला धरून पसरणारी. ती तुरीच्या डाळीत नाहीतर बेसन पेरून करतात. तिच्याच कुळातली घोळ. पालेभाज्यांत फारसं न सापडणारं ओमेगा-३ जातीचं स्निग्धाम्ल या घोळीत चांगलं असतं. तिच्यात ऑक्झलेटही पुष्कळ, म्हणून मुतखड्याच्या माणसानं ती जपून खावी. दह्याताकात केली तर त्यातलं बरंचसं ऑक्झलेट कॅल्शियमशी बांधलं जातं. आंबाडीचा पाला तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवायचा, वरून लसणाची फोडणी ओतायची. हे सगळं आमच्या कोलाम-गोंड बायकांना जितकं कळतं तितकं कुठल्याही डब्यावरच्या माहितीपत्रकाला कळत नाही. कुठलं पान कोणत्या पंधरवड्यात खायचं, कुठलं दोनदा उकळून पाणी टाकायचं, गरोदर बाईला कुठलं द्यायचं नाही, हे ज्ञान त्या रोजच्या स्वयंपाकात वापरतात. त्यासाठी कोणी त्यांना मानधन दिलेलं नाही.

आता शेवग्याच्या पावडरीकडे या. ‘पालकाच्या पंचवीस पट लोह’ ही ओळ मी इतक्या ठिकाणी वाचली की ती छापणाऱ्यांनी एकदा तरी तक्ता उघडला असता तर बरं झालं असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे अन्नघटकांचे तक्ते २०१७ साली निघाले. त्यांत शेवग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पानांत लोह साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास आहे, पालकात तीनच्या आसपास. म्हणजे दीडपट. कॅल्शियम मात्र खरंच भरपूर: शेवग्यात ३१४ मिलिग्रॅम, पालकात ८२ च्या घरात. प्रथिनंही सहा ग्रॅमच्या वर. ही पानं उत्तमच आहेत, त्यांना खोट्या आकड्याचा टेकू कशाला? पंचवीस पट येतात कुठून, तर वाळवून दळलेला शेवगा एका पारड्यात आणि नव्वद टक्के पाणी असलेला ओला पालक दुसऱ्या पारड्यात घालून. याला मी चलाखी म्हणणार नाही, फसवणूक म्हणणार.

चमचाभर पावडर, म्हणजे पाचेक ग्रॅम, ही वीस-पंचवीस ग्रॅम ओल्या पानांइतकी. तिच्यात लोह मिळतं सुमारे एक मिलिग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातही पानातलं लोह शरीरात शिरतं थोडंच. जेवणात लिंबू किंवा आंबट असेल तर जरा जास्त, जेवणावर चहा ढोसला तर त्याहून कमी. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानं नोंदवलं. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. म्हणजे ‘सुपरफूड’चा गजर वाढत असतानाच बायकांचं रक्त आटत होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बाईला फुकट मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती गोळी मळमळ होते म्हणून उकिरड्यावर जाते आणि तीच बाई शेकडो रुपये मोजून हिरवी पावडर घेते, कारण गोळीबद्दल तिच्याशी कोणी पाच मिनिटं बसून बोललेलं नसतं आणि पावडरीबद्दल मोबाईल दिवसभर बोलत असतो.

माझा खरा संताप पुढे आहे. तरोटा, घोळ, काटेमाठ, कुंजर वावरात उगवले की त्यांना तण म्हणतात आणि त्यांच्यावर तणनाशक मारतात. ग्लायफोसेट सोसणारा कपाशीचा वाण, ज्याला सारा विदर्भ चोरबीटी म्हणतो, त्याला केंद्राच्या जनुकीय समितीनं मान्यता दिलेली नाही. तरी तो पेरला जातो. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला तर शेतकऱ्यांनी जाहीरपणे पेरला. मी पेरणाऱ्याला दोष देत नाही. निंदणाला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, आणि कापसाचा भाव दुसऱ्याच्या हातात. पण फवारा फिरला की काय जातं ते मोजायला कोणी तयार नाही. निंदायला गेलेल्या बाईचा रोज जातो, आणि संध्याकाळी ओच्यातून घरी येणारी भाजीही जाते. पोराच्या ताटातली एकमेव हिरवी गोष्ट त्या ओच्यातून येत होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं आदेश काढला की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच मारावं. आमच्याकडे पाठीवर पंप घेऊन कोण चालतं हे पाहायला दिल्लीहून यायची गरज नाही, वणीच्या बसस्टँडवर उतरलं तरी पुरे. याच जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर हातमोजे वाटले, मास्क वाटले, भाषणं वाटली.

राजूरचं आणखी एक दुखणं आहे. एका अंगाला कोळशाची खाण, दुसऱ्या अंगाला चुन्याच्या भट्ट्या. भट्टीजवळच्या शेवग्यावर पांढरा थर, ट्रकच्या रस्त्यालगतच्या आंबाडीवर काळा. ‘निसर्गाकडे वळा’ हा सल्ला इथल्या बाईनं कसा पाळायचा? तिच्या दाराशी जो निसर्ग उरलाय त्याच्यावर बोट फिरवलं तर बोट काळं होतं.

२०२० पासून ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या निमित्तानं, कृषी खातं रानभाजी महोत्सव भरवतं. फीत कापतात, टेबलावर पाटीसकट पंचवीस भाज्या मांडतात, साहेब एक घास खाऊन फोटो काढून घेतात. कल्पना चांगली होती, मी नाकारत नाही. तिथे भाजी विकून चार पैसे मिळालेल्या बायका मला माहीत आहेत. पण तणनाशक विकणाऱ्या कृषी केंद्रांना परवाना देणारं खातं हेच. एक दिवस ज्या पानाला हार घालायचा, उरलेलं वर्षभर त्याच पानाच्या मरणाची सोय बघायची. धुऱ्यावर फवारा मारू नका, एवढं एक वाक्य त्या महोत्सवाच्या व्यासपीठावरून मला अजून ऐकायला मिळालेलं नाही.

आता ताणाचं. अश्वगंधावर चाचण्या झाल्या आहेत. बहुतेक लहान, काही डझन माणसांच्या, दोन-तीन महिन्यांच्या. काहींमध्ये ताणाचा गुणांक उतरला, झोप थोडी सुधारली. हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. पण त्याच मुळीनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, थायरॉइडच्या रुग्णानं आणि गरोदर बाईनं ती डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये हेही तितकंच पक्कं आहे, आणि डेन्मार्कनं तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळला गेला. २०२० च्या अखेरीस मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, वाद झाला. वाद होऊ द्या. पण ‘वनस्पती आहे, अपाय कसला’ हे वाक्य तरी आता दुकानदाराच्या तोंडून बंद व्हायला हवं. एरंडाची बी आणि धोतराही वनस्पतीच आहेत.

आणि समजा, मुळी निर्धोक आहे. तरी ती काय करणार? कर्जाचा हप्ता भरणार? विदर्भातल्या माणसाच्या मनावरचं ओझं कशानं हलकं होतं याचं उत्तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात मिळालेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘संगाथ’ संस्थेनं ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालवला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी जायचं, ऐकून घ्यायचं, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि डॉक्टरकडे पोचवायचं. नैराश्य असलेल्यांपैकी ज्यांना मदत मिळत होती त्यांचं प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष लॅन्सेट सायकियाट्रीत छापून आले. पाल्यानं नाही, पावडरीनं नाही, माणसानं माणसाशी बोलल्यानं हे घडलं. शासनानंही २०१५ पासून शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प काढला. असे कार्यक्रम कागदावरून उठून राजूरच्या चौकात किती वेळा आले, हा प्रश्न आमदारांना विचारा, खासदारांना विचारा. शेतकरी मेल्यावर तो पात्र की अपात्र हे ठरवायला समिती वेळेवर बसते. जिवंतपणी त्याच्यासमोर कोणी बसत नाही.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. ग्रामपंचायतीनं ठराव करावा की धुरे, नाल्याचे काठ आणि गावठाणाच्या पडीत जमिनीवर तणनाशक मारायचं नाही. भट्टी आणि खाणीच्या रस्त्यालगतच्या भाजीची प्रयोगशाळेत तपासणी करून निकाल चावडीवर लावावा. अंगणवाडीच्या शिजवलेल्या आहारात आठवड्यातून तीनदा पालेभाजी घालावी, आणि ती गावातल्याच बायकांकडून रोख पैसे देऊन घ्यावी. आशाताईला रक्ताच्या गोळीबद्दल निवांत बोलायला वेळ आणि त्या वेळेचा मोबदला द्यावा.

आणि वणी तालुक्यात विकल्या जाणाऱ्या ताणावरच्या प्रत्येक डब्यावर, अश्वगंधाच्या चित्राहून मोठ्या अक्षरांत, १४४१६ हा क्रमांक छापायला लावा. तो केंद्र सरकारच्या टेलिमानसचा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.