अवकाशयान आणि सत्तेची मुदत

मनुष्याला अंतराळात नेणाऱ्या यानाची आकृती केवळ गणित आणि धातुशास्त्र ठरवतात, असा आपला समज असतो. वस्तुतः आराखड्याची पहिली रेघ ओढली जाण्यापूर्वीच खजिन्याची तरतूद, लष्कराची मागणी आणि राष्ट्रप्रतिष्ठेची निकड यांनी त्या यानाचे निम्मे भवितव्य मुक्रर करून टाकलेले असते.

अमेरिकेच्या स्पेस शटलची कथा या दृष्टीने मननीय आहे. 5 जानेवारी 1972 रोजी अध्यक्ष निक्सन यांनी ज्या यानाला मंजुरी दिली, त्याचे विस्तीर्ण त्रिकोणी पंख आणि साठ फूट लांबीचा मालकक्ष हे प्रामुख्याने वायुदलाच्या अटींचे फलित होते. कारण वायुदलाच्या पाठिंब्यावाचून त्या योजनेचा निभाव लागणे कठीण होते. खर्चाला कात्री लागली म्हणून उभारणीस स्वस्त पडणारे घन इंधनाचे बूस्टर पत्करले गेले. ते दूरच्या युटा राज्यातून रेल्वेने आणावयाचे म्हणून तुकड्यांत घडवले गेले. आणि 28 जानेवारी 1986 च्या गारठ्यात त्याच तुकड्यांच्या सांध्यातील रबरी कडे ताठरून चॅलेंजर या शटलवरील सात जणांचा बळी गेला. उड्डाणाच्या वेळी अंतराळवीरांना सोडवून नेणारी यंत्रणा त्या यानाला नव्हतीच.

सोव्हिएत संघातही निराळे घडले नाही. अमेरिकेचे दोन आसनांचे जेमिनी उडण्याआधी तिघांना धाडण्याच्या ईर्षेने, मुळात एका माणसासाठी बेतलेले यान 12 ऑक्टोबर 1964 रोजी वोस्खोद या नावाने उडाले, तेव्हा जागेअभावी त्या तिघांच्या अंगावर अंतराळपोशाखही नव्हते. ते सुखरूप परतले, हे त्यांचे सुदैव.

आता आपल्या घरची गोष्ट. 15 ऑगस्ट 2018 रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी माणसांना अंतराळात नेणाऱ्या गगनयान योजनेसाठी 2022 ची मुदत जाहीर केली. ती स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाची होती, अभियंत्यांच्या हिशेबातून निघालेली नव्हती. ते साल उलटले आणि यान गेले नाही. महासाथीने काही काळ गिळला हे खरे. परंतु चाचण्या आटोपत्या घेऊन माणसे बसवण्याचा मोह टाळला गेला, हे मला या योजनेचे खरे यश वाटते. 21 ऑक्टोबर 2023 रोजी श्रीहरिकोट्यास सुटका यंत्रणेची चाचणी चालू असता, अवघे पाच सेकंद उरले असताना संगणकाने उड्डाण रोखले. दोष हुडकून, दुरुस्त करून दहा वाजता यान उडाले, आणि निर्मनुष्य कुपी ठरल्याप्रमाणे अलग होऊन छत्र्यांच्या आधाराने बंगालच्या उपसागरात उतरली.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही फाउंड्रीत घाईचा धोका निराळा समजावून सांगावा लागणार नाही. गिऱ्हाइकाचा तगादा कितीही असो, ओतलेला रस पुरता निवण्याआधी साचा फोडला, तर कास्टिंगला तडा जातो, आणि तो कित्येकदा माल मशीनवर चढल्यावरच उघडकीस येतो. इस्रोच्या रॉकेट-मोटारींची आवरणे घडवणाऱ्या वालचंदनगरच्या कारागिरांपासून श्रीहरिकोट्याच्या अभियंत्यांपर्यंत साऱ्यांनाच हा नियम लागू आहे.

राजकारणाला या क्षेत्रातून हद्दपार करावे, असे माझे म्हणणे नाही. मनुष्य धाडावा की नाही, त्यापायी जनतेचा किती पैसा खर्च व्हावा, हे ठरवण्याचा अखत्यार लोकप्रतिनिधींचाच आहे. परंतु चाचण्या किती आणि उड्डाण केव्हा, हा निर्णय अभियंत्यांच्या सहीनेच व्हावा. आणि आराखड्यावर एखादी राजकीय अट लादली गेलीच, तर ती कोणी व कोणत्या कारणास्तव लादली याची नोंद संसदेच्या दफ्तरी राहावी. आपणा नागरिकांवरही एक जबाबदारी येते. उशीर झाला म्हणून अभियंत्यांना नावे ठेवणारा समाज राज्यकर्त्यांना घाईची मुभा देतो. ती मुभा आपण देऊ नये आणि पुढच्या मुदतीची घोषणा ऐकताच टाळ्यांआधी चाचण्यांचा हिशेब मागावा.