वैलावरचा बर्गर

गेल्या मेच्या सुट्टीत मी न्यू जर्सीला धाकट्या बहिणीकडे तीन आठवडे राहून आलो. घाबरू नका, या सदरातून मी प्रवासवर्णन लिहिणार नाही. त्या वाटेने इतकी मंडळी जाऊन आली आहेत की आता तिथे पाय ठेवायला जागा नाही. मला सांगायचे आहे ते एका भांड्याविषयी.

निघताना आईने बजावले होते, "माधवी मुलांना रात्री काय जेवायला घालते, ते नीट बघून ये." माधवी एकदा फोनवर बोलून गेली होती, "अगं, सकाळीच सगळं भांड्यात टाकून ऑफिसला जाते. संध्याकाळी बर्गर तयार!" तेव्हापासून आईच्या मनात सल होता. घरात माणूस नाही आणि पाठीमागे अन्न आपले शिजते आहे, याला का स्वयंपाक म्हणायचे? खोटे कशाला बोलू, मीही आईच्याच बाजूचा होतो.

पहिल्याच सोमवारी सकाळी मी स्वयंपाकघरात ठाण मांडले. माधवीने सुमारे 900 ग्रॅम कोंबडीचा खिमा कढईत पुरता परतून घेतला आणि सुटलेली चरबी काढून टाकली. कांदे, ढोबळी मिरची व लसूण रात्रीच चिरून ठेवले होते. ते, टोमॅटोचा दाट रस, थोडे व्हिनेगर, गुळाचा खडा, तिखट, मीठ आणि मोहरीची पूड असे सगळे त्या जाड मातीच्या भांड्यात गेले. झाकण लावून तिने बटण 'मंद'वर फिरवले. पाऊण तासाचे काम वीस मिनिटांत उरकले.

"दादा, एकच कर. झाकण उघडून बघू नकोस. एकदा उघडलं की वीस मिनिटांची ऊब जाते."

अकराच्या सुमारास कांद्याचा वास सुटला. दोनपर्यंत घरभर असा दरवळ पसरला की आत कोणीतरी पदर खोचून उभे आहे असे वाटावे. तीनला मुले शाळेतून आली. दार उघडताच धाकट्याने नाक वर केले आणि विचारले, "आई आली?" मग स्वतःच हसला. मला मात्र हसू आले नाही.

सव्वासहाला माधवी आली. तिने पाव लोण्यावर भाजले, मधे खिमा भरला, शेजारी कोबीची कोशिंबीर वाढली आणि पावणेसातला ती आमच्याबरोबर जेवायला बसली. हे 'बसली' माझ्या मनातून जाईना. माझ्या लहानपणी रात्रीच्या पंगतीत आई आमच्याबरोबर बसल्याचे मला आठवत नाही. आणि आमची सौ.? शाळेतून साडेपाचला येते ती आठपर्यंत ओट्याशी उभी असते. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासतो आणि मधून मधून विचारतो, "पाने घेतली का?"

त्या रात्री मेहुण्यांनी भांड्याची कुळकथा सांगितली. आयर्व्हिंग नॅक्सन नावाच्या अमेरिकन संशोधकाला 1940 साली त्याचे पेटंट मिळाले. लिथुआनियातल्या ज्यू घरांतून शुक्रवारी संध्याकाळी कालवणाचे मडके भटारखान्यात नेऊन ठेवीत. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, म्हणून ते विझत्या भट्टीच्या उबेवर रात्रभर शिजे. ही आठवण नॅक्सनने आपल्या आईकडून ऐकली होती. पुढे 1971 साली ते भांडे 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आले आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी ते उचलून धरले.

मी हे सारे आईला फोनवर सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझी आजी रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची आणि चुलीच्या वैलावर कुळथाचं मडकं ठेवून निजायची. सकाळी कुळीथ लोण्यासारखे मऊ. तिला कुणी नाही विचारलं, लक्ष कुणाचं होतं म्हणून." आणि लगेच, "पण रोज खिमा नको म्हणावं. राजम्याचा करायला सांग."

इथे गृहिणींना, आणि गृहस्थांनाही, एक सावधगिरीची सूचना. कच्चा राजमा या भांड्यात थेट कधीही टाकू नये. त्यातले विषारी द्रव्य मंद आचेवर नाहीसे होत नाही. ओकाऱ्या व्हायला थोडे दाणेही पुरतात. तो निदान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळावा आणि मगच भांड्यात घालावा. पुढे ठेचून, कांदा-मसाला घालून पावात भरला की आईलाही चालतो.

माधवीने एक भांडे माझ्याबरोबर देऊ केले होते. पण ते तिकडच्या 120 व्होल्टचे. आपल्या 230 व्होल्टवर जळून जायचे. म्हणून इथेच एक घेतले. आता मंगळवार आणि शुक्रवारचे रात्रीचे जेवण माझ्याकडे आहे. पहिल्या मंगळवारी तिखट जास्त झाले, सौ. काही बोलली नाही, दोनदा पाणी प्याली.

शुक्रवारी ती शाळेतून आली, चहा घेऊन खुर्चीत बसली आणि तीनदा उठून भांड्यापाशी गेली. चौथ्यांदा तिचा हात झाकणाकडे गेला, तेव्हा मी म्हणालो, "उघडू नकोस. बस."

ती बसली.