साखर त्याची, स्वयंपाकघर सगळ्यांचं

पूर्वी 'शुगर' हा शब्द घरात यायचा तो सासऱ्यांच्या नाहीतर एखाद्या मोठ्या आत्याबाईंच्या नावाने. साठी उलटली की चष्मा, कवळी, गुडघे आणि शुगर, असा क्रमच ठरलेला होता. आता हाच शब्द तिशीच्या आतबाहेरच्या मुलामुलींच्या फाइलमध्ये दिसू लागलाय. कधी नोकरीतली वार्षिक तपासणी असते, कधी विम्याची, तर कधी पायाची जखम भरत नाही म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. आणि मग पुण्याहून, नाशिकहून नाहीतर हैदराबादहून फोन येतो, ''आई, रिपोर्टमध्ये डायबेटिस आलाय. टाइप टू.''

त्या फोननंतर आईच्या पोटात जो गोळा येतो, तो कुठल्याच रिपोर्टमध्ये उमटत नाही. एवढ्या लहान वयात? माझ्याच हातचे लाडू नडले का? आता याच्या लग्नाचं कसं? आणि फोन ठेवल्याबरोबर आपण दोन गोष्टींपैकी एक करतो. एक तर कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड अशी यादी पाठवून देतो, किंवा त्या दिवसापासून मुलावर पहारा बसवतो. दोन्ही मायेपोटीच होतं. पण माझं स्पष्ट मत आहे, या दोहोंपैकी कशानेच मुलाचा आजार आटोक्यात येत नाही.

आधी लाडवांचा विषय संपवू. टाइप टू मधुमेह केवळ गोड खाल्ल्याने होत नाही. त्यात आनुवंशिकता आहे, बैठं काम आहे, अपुरी झोप आहे, पोटाभोवतीची चरबी आहे. आपल्याकडे आणखीही एक गोष्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तिचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला होता. उंची-वजनाचा हिशेब, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून चरबीयुक्त, अशी आपल्याकडच्या बऱ्याच लोकांची ठेवण असते. त्याची सुरुवात आईच्या पोटात असतानाच होते आणि त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचं अपुरं पोषण आहे, असं हे संशोधन सांगतं. तेव्हा ''आमचा तर किती बारीक आहे हो, त्याला कशी होईल शुगर?'' या म्हणण्यात अर्थ नाही. आणि ''आईनेच लाडावून ठेवला'' या शेजारणीच्या बोलण्यातही नाही.

मूल एकटंही नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

रिपोर्ट आपणही वाचायला शिकावा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, अथवा 'एचबीए१सी' ६.५ टक्के किंवा जास्त असेल, तर मधुमेह म्हणतात. लक्षणं काहीच नसतील तर डॉक्टर पुन्हा तपासून खात्री करून घेतात. एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून जसा वर्षाचा अभ्यास होत नाही, तसं तपासणीच्या आदल्या दिवशी गोड बंद करून हा आकडा खाली येत नाही. वजन झपाट्याने उतरत असेल, तहान-लघवी फार वाढली असेल, तर हा मधुमेह नक्की टाइप टूच आहे ना, हे डॉक्टरांना आवर्जून विचारायला हवं. तरुण वयात दुसऱ्या प्रकारचाही असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

आता मुद्द्याचं. हा आजार तुमच्या सज्ञान मुलाचा आहे. गोळी त्याने घ्यायची, चालायला त्याने जायचं, डॉक्टरांशी त्याने बोलायचं. तुमच्या हातात आहे ते स्वयंपाकघर, आणि ते सगळ्यांचं आहे. एवढी वाटणी नीट केली की निम्मी भांडणं संपतात.

मैत्रिणींनो, रोज सकाळी ''आज किती आली?'' असा फोन केला की काय होतं, ते पाहा. चार दिवस मुलगा खरं सांगतो. पाचव्या दिवशी ''ठीक आहे'' म्हणतो. दहाव्या दिवशी फोन उचलत नाही. आकडा चढला की आईचा आवाज चढतो, हे त्याला कळलेलं असतं. त्यापेक्षा एकदाच विचारावं, ''माझ्याकडून काय हवंय ते सांग, बाकी मी रोज रोज विचारणार नाही.'' आणि मग खरंच विचारू नये! एखादी मुलगी म्हणेल, डॉक्टरांकडे सोबत चल. एखादा म्हणेल, फक्त मामा-काकांसमोर विषय काढू नकोस. तेवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

स्वयंपाकघराकडे येऊ. घरात एकाला शुगर आणि त्याचा स्वयंपाक वेगळा, हे मला मुळीच पटत नाही. वेगळं ताट म्हणजे रोज दोनदा आजाराची आठवण. त्याचं ताट जसं असायला हवं, तसं ते घरातल्या सगळ्यांनाच चालतं. अर्ध्या ताटात भाजी, पालेभाजी, कोशिंबीर. पाव ताटात उसळ, घट्ट वरण, अंडं, मासे किंवा पनीर. उरलेल्या पाव ताटात पोळी, भाकरी किंवा भात. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. भाताचा डोंगर आणि कडेला चमचाभर भाजी. त्यात भाजी पुन्हा बटाट्याची!

काही गैरसमजही काढून टाकायला हवेत. गूळ आणि मध रक्तात जाऊन साखरच होतात. भाकरी चांगली, पण ''भाकरीच तर खाल्ली'' म्हणत चार खाल्ल्या तर साखर चढणारच, मग ती ज्वारीची असो की नाचणीची. फळ चावून खावं, त्याचा रस काढू नये. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. चहातली साखर बंद करून सोबत खारी आणि टोस्ट ठेवले, तर फारसं काही साधत नाही. पोहे करायचे तर मूठभर पोह्यांत भरपूर मटार-कोबी घालावा आणि सोबत मोडाची उसळ द्यावी. गणपतीत एक मोदक खाल्ला म्हणून आभाळ कोसळत नाही. त्या जेवणात भात थोडा कमी घ्यावा, संपलं. मात्र ''माझ्यासाठी एकच घे रे'' हा आग्रह आपण सोडायला हवा. मुलाने मावशीच्या घरी ''नको'' म्हटलं की ''राहू दे गं, आग्रह नको करूस'' असं आईने बाजूने म्हणणं, ही फार मोठी मदत असते.

मुलगा बाहेरगावी मेसचं खात असेल तर डब्यातून चकल्या-लाडू पाठवण्याऐवजी भाजलेले चणे-शेंगदाणे, जवसाची किंवा कारळ्याची चटणी पाठवता येते. आणि त्याला चार पदार्थ करायला शिकवता येतात. मुगाची उसळ, पालेभाजी, अंडाभुर्जी, कोशिंबीर. तिशीच्या मुलाला कुकर लावता येत नसेल, तर मधुमेह हे शिकण्याचं चांगलं निमित्त आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हेही त्याला सांगून ठेवावं. त्याला जिमची फी लागत नाही.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. विवाहित मुलाला शुगर निघाली की पहिला फोन सुनेला जातो, ''तू त्याच्या खाण्याकडे लक्ष देत नाहीस.'' मुलीला निघाली तर जावयाला असा फोन कोणी करतं का? मुलाचा आजार ही सुनेची परीक्षा नव्हे. ती नोकरी करते, मुलं सांभाळते, त्यात नवऱ्याच्या गोळ्यांचं वेळापत्रकही तिनेच पाठ करायचं, हा न्याय कुठला?

औषधाबद्दल आपल्या मनात एक भीती असते, ''गोळी सुरू केली की जन्माची चिकटते.'' म्हणून मुलाला रसावर ठेवलं जातं आणि दोन वर्षं वाया जातात. साखर वाढली तरी काही दुखत नाही, पण डोळे, मूत्रपिंड, नसा आणि हृदयावर तिचं काम शांतपणे चालू असतं. तिशीत आजार झाला तर त्याला हे काम करायला पुढे तीस-चाळीस वर्षं मिळतात. म्हणून तरुणांच्या बाबतीत ढिलाई जास्त महागात पडते. बहुतेकांना आधी मेटफॉर्मिन देतात. सुरुवातीला पोट बिघडू शकतं, म्हणून ती जेवणासोबत किंवा जेवणानंतर घेतात. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगावं, गुपचूप बंद करू नये.

काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. म्हणूनच नवरात्राचे नाहीतर एकादशीचे कडक उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. देवी रागावत नाही!

आशेची गोष्टही सांगते. ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाचा एक अभ्यास झाला, २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. मधुमेह होऊन सहा वर्षं उलटली नव्हती अशा, वजन जास्त असलेल्या लोकांनी डॉक्टरी देखरेखीखाली वजन उतरवलं. वर्षाअखेरीस त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली होती. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं, म्हणजे साखर परतही येते आणि तपासणी काही सुटत नाही. पण सुरुवातीची वर्षं मोलाची असतात, एवढं यातून नक्की कळतं. गोळ्या कमी करायच्या की थांबवायच्या, ते मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं.

तपासण्यांची वही करायची असेल तर अशी करावी. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतली प्रथिनं, कोलेस्टेरॉल आणि पायांची तपासणी. रक्तदाब प्रत्येक भेटीत. खर्चाची काळजी असेल तर सरकारी रुग्णालयात रक्तदाब-मधुमेहाची तपासणी होते आणि जनऔषधी केंद्रांत हीच औषधं पुष्कळ स्वस्त मिळतात.

शेवटचा विषय लग्नाचा. ''आत्ताच कुणाला सांगू नका, स्थळं यायची थांबतील,'' हा सल्ला घराघरांत दिला जातो, आणि मुलीच्या बाबतीत तर हमखास. मग मुलगी सासरी गोळ्या लपवते, लपवता आल्या नाहीत की बंद करते. त्यातच दिवस जातात. बाळाचे महत्त्वाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडतात, पुष्कळदा दिवस गेल्याचं नीट कळण्याच्याही आधी. त्या काळात साखर चढलेली असेल तर बाळात व्यंग राहण्याचा आणि गर्भपाताचा धोका वाढतो. मूल हवं असेल तर आधी काही महिने साखर आटोक्यात आणावी लागते, चालू असलेली काही औषधं बदलावी लागतात. हे सगळं उघडपणे बोलता येईल, अशाच घरात मुलीला द्यायला हवं. आजार ऐकून परत गेलेलं स्थळ हे नुकसान नव्हे. तो आजार लपवून जमवलेलं लग्न हा मुलीच्या जिवाशी आणि तिच्या बाळाच्या जिवाशी केलेला जुगार आहे. आणि हो, सांगायचं की नाही, कधी आणि कसं, हे बोलायचा पहिला हक्क तिचा. आपण मागे भक्कम उभं राहायचं.

मुलाला शुगर निघाली म्हणजे त्याच्या भावंडांनीही रक्त तपासून घ्यायला हवं. आणि आईने? घरातल्या सगळ्यांच्या फाइली जपून ठेवणाऱ्या बाईची स्वतःची फाइल बहुतेक घरांत नसतेच. गरोदरपणात तुम्हाला साखर झाली असेल, तर तुम्हाला धोका इतरांहून अधिक आहे. या आठवड्यात एका सकाळी चहा घेण्याआधी जाऊन रक्त देऊन या. मग मुलाचा फोन आला की त्याला त्याचा आकडा विचारण्याऐवजी तुमचा सांगा.