माठ, वास आणि लेसरची भिंगे

कोऱ्या माठाशेजारी रॉकेलची बाटली ठेवण्याची चूक घरातील जाणती गृहिणी सहसा करीत नाही. मातीला छिद्रे असतात म्हणून पाणी गार होते. पण त्याच छिद्रांत परका वासही शिरतो आणि घासूनही निघत नाही. प्रबळ लेसर-यंत्रे उभारणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही हीच अडचण उभी राहिली, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे परततो. किरणाला दहा भिंगांतून, म्हणजे वीस पृष्ठांतून जावयाचे असेल, तर शेवटी निम्म्याहूनही कमी प्रकाश उरतो. शिवाय परतलेला प्रखर किरण यंत्रातीलच एखादे भिंग जाळू शकतो. म्हणून भिंगांवर परावर्तन रोखणारा लेप देतात. अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेतील इयान थॉमस यांनी १९८६ साली अशा एका लेपाची माहिती प्रसिद्ध केली. सिलिकेच्या अतिसूक्ष्म कणांचा हा थर मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाइतका पातळ असतो आणि त्यातील जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते. या पोकळीतील हवेमुळेच परावर्तन अर्ध्या टक्क्याच्या आत येते.

मात्र गुण तोच दोष! पंपाचे तेल, रबर, गोंद, ताजा रंग, मऊ प्लॅस्टिक यांतून निघणारी अदृश्य बाष्पे त्या छिद्रांत बसतात. हवेची जागा तेल घेते आणि लेपाचा गुण ओसरतो. धूळ अडविणाऱ्या गाळण्या येथे निरुपयोगी. बाष्पाचे रेणू त्यांतून सहज निसटतात.

मग उपाय कोणता? हवा सक्रिय कोळशाच्या थरातून सोडावी, लेपाच्या कणांवर बाष्प चिकटू नये अशी रासायनिक प्रक्रिया करावी, आणि मुख्य म्हणजे भिंगांजवळ येणारी प्रत्येक वस्तू आधी पारखून घ्यावी. इतके करूनही लेप बिघडलाच, तर तो उतरवून नवा चढवावा लागतो.

५ डिसेंबर २०२२ रोजी लिव्हरमोर येथे १९२ लेसर किरणांनी २.०५ मेगाजूल ऊर्जा लक्ष्यावर सोडली आणि अणुसंमीलनातून ३.१५ मेगाजूल ऊर्जा मिळाली. त्या यशाची कीर्ती जगभर झाली. त्यामागे भिंगांची ही निगाही होती. कशाशेजारी काय ठेवू नये, हा आपल्या स्वयंपाकघरातला विवेक तेथेही पाळावा लागतो.