झाडाच्या वाट्याची माती

पावसाळ्यात भर रस्त्यावर वर्षावृक्ष किंवा गुलमोहर उन्मळून पडला की दोष वाऱ्याला जातो. दबलेल्या गाड्यांचे पंचनामे होतात, फांद्या कापून उचलल्या जातात, वाहतूक सुरू होते. पडलेल्या झाडाची मुळे मात्र क्वचितच कुणी पाहते. पाहिली, तर पुष्कळदा एका बाजूची केबलच्या चरासाठी तोडलेली आणि दुसऱ्या बाजूची पदपथाखाली आखडून बसलेली आढळतात. वारा निमित्ताला आला; झाडाचा आधार त्याआधीच गेलेला असतो.

रस्ता बांधणाऱ्याची अडचण खोटी नाही. मुरूम आणि खडी दाबून घट्ट केल्याशिवाय रस्ता टिकत नाही, पेव्हर ब्लॉक खचतात. पण चांगल्या मातीत साधारण निम्मी जागा पोकळ असते आणि तिच्यात हवा व पाणी असते. रोलर नेमकी ही पोकळी बुजवतो. झाडाची बहुतेक बारीक मुळे वरच्या दोनेक फुटांत पसरतात. दबाई तिथेच होते आणि वर सिमेंट पडते. मग ओल आणि हवा शोधत मुळे फरशीच्या लगेच खाली येतात, जाड होतात, फरशी उचलतात. याला आपण झाडाचा उपद्रव म्हणतो.

नियम आहेत. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००० मध्येच झाडाभोवती सहा फूट बाय सहा फूट जागा सिमेंटविना ठेवण्यास सांगितले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर त्रिज्येतील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरील झाडांना ‘हेरिटेज’ दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. हे सारे आवश्यकच आहे. पण मोठ्या झाडाची मुळे फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. मीटरभर आळे त्याला श्वास घेऊ देईल, पोसणार नाही. आणि वयाइतकी रोपे लावायची, तर त्यांना माती किती द्यायची?

यावर इतरत्र उपाय झाले आहेत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात नीना बासुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजनाने सुमारे ८० टक्के खडी आणि २० टक्के माती असे मिश्रण विकसित केले. रोलरचा भार खडीवरून खडीवर उतरतो. फटींतली माती भुसभुशीत राहते आणि मुळे त्या फटींतून पसरतात. स्टॉकहोमने आणखी मोठे, १०० ते १५० मिलिमीटरचे दगड अंथरून त्यांच्या फटींत पाण्याने माती उतरवली आणि पावसाचे पाणी व हवा आत जाण्यासाठी वरून तोंडे ठेवली. वर पदपथ, खाली मुळे, दोन्ही टिकतात.

आपल्याकडे बेसाल्टच्या खडीला तोटा नाही. मात्र ही कृती जशीच्या तशी उचलून चालणार नाही. आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. मिश्रणासाठी कोणती माती घ्यायची, हे इथेच तपासून ठरवावे लागेल. खर्चही साध्या भरावापेक्षा जास्त येईल. म्हणून सुरुवात नव्या आणि रुंद रस्त्यांपासून व्हावी. उभ्या झाडांभोवतीचे काँक्रीट जेसीबीने नव्हे, हाताने फोडावे. चर खणताना मुळांपासून अंतर राखणे ठेकेदारावर बंधनकारक असावे.

आज रस्त्याच्या कामात खडी, सिमेंट, कडेचे दगड यांचे माप असते, दर असतो, बिल असते. झाडाच्या नावावर बहुधा फक्त खड्ड्यांची संख्या असते. कामाच्या मापांच्या कागदावर ‘माती, इतके घनमीटर, रोलर फिरवू नये’ अशी एक ओळ वाढवली, तर तिचे माप घ्यावे लागेल आणि माप चुकल्यास बिल अडवता येईल. वृक्षारोपणाच्या छायाचित्रापेक्षा झाडाला ही ओळ अधिक उपयोगी पडेल.